गाडी एकदम ठीक आहे

गाडीला काहीही झालेलं नाही, असं काउंटरमागची मुलगी म्हणाली आणि तो हिरमुसला. ऑइल बदललंय, फिल्टर बदललाय, खालून-वरून सगळं बघितलंय, बाकी काही करायची गरज नाही, धुऊन झाली की घेऊन जा सर. एवढं बोलून ती किल्ल्यांच्या फळीकडे वळलीसुद्धा. तो मात्र काउंटरच्या कडेवर दोन्ही पंजे ठेवून तसाच उभा. दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात टाळी वाजवली असती, घरी फोन लावून म्हणाला असता, आज स्वस्तात सुटलो. पण इतक्या वर्षांत या काउंटरवर हे वाक्य त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि ऐकायचं नेमकं आजच्या दिवशी यावं, याला काय म्हणायचं? त्यानं विचारलं, ब्रेक? चांगले आहेत, सर. कूलंट? मागच्याच खेपेला बदललंय तुम्ही. अलाइनमेंट? तेही. मुलगी नवीन होती, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी अजून कडक होती, आणि ती इतकं सरळ बघून बोलत होती की पुढं काही विचारणं त्यालाच वावगं वाटलं. तो बरं म्हणाला. कुणी काहीही सांगितलं की तो बरंच म्हणायचा. मग काचेच्या दारातून आत जाऊन वेटिंग रूममधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

उद्या सकाळी त्याची बायको ही गाडी घेऊन जाणार होती. दुसऱ्या गावी, घाट ओलांडून पलीकडं. तिथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं, राहायला शाळेच्या आवारातच खोल्या होत्या, आणि सोमवारी शाळा उघडायची होती. बॅगा भरून दाराशी लागल्या होत्या. ठरलं होतं ते एवढंच की गाडी सर्व्हिसिंगहून आज आली की उद्या ती निघेल. गाडी आज आली की. या शब्दांवर तो गेले काही दिवस तग धरून होता. आज गाडी येणार नाही, कशी येईल, त्या लोकांनी आजवर कधी वेळेवर सोडलीय, काहीतरी निघेलच, असं त्यानं मनाशी शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्याची त्यालाच लाज वाटली असती. पण सकाळी गाडी इथं आणताना तो शीळ घालत होता हे त्याला आता आठवलं आणि आपण कशाच्या भरवशावर शीळ घालत होतो तेही लख्ख कळलं.

भरवसा होता तो टायवाल्याचा. आधी या काउंटरवर गळ्यात टाय बांधलेला एक माणूस असायचा, त्याला तो मनात टायवालाच म्हणायचा. गोरटेला, गुळगुळीत दाढीचा, आवाज असा की डॉक्टरनं घरच्यांना बाजूला घेऊन बोलावं. साहेब, घाबरवत नाही, पण बघितलं ते सांगायला हवं ना, अशी त्याची सुरुवात. मग निघायचं एकेक. इंजिनात कार्बन साठलाय, एसीत बुरशी धरलीय, खालून कोटिंग केलं नाही तर पत्रा गंजेल, ब्रेक ऑइलनं पाणी ओढलंय. प्रत्येकाच्या शेवटी तो थांबायचा आणि हळूच म्हणायचा, फॅमिली घेऊन फिरता ना साहेब? झालं. सही. एकदा त्यानं ट्रेमधून एअर फिल्टर आणून दाखवला होता, काळाकुट्ट, त्याच्या घड्यांत एका फुलपाखराचा पिवळा पंख अडकलेला. पुढच्या वर्षी पुन्हा फिल्टर आला ट्रेमधून, आणि त्यातही तिथंच, त्याच घडीत, तोच पिवळा पंख. त्या दिवशी बायको बरोबर होती. तिनं कोपरानं ढोसलं. त्यानंही बघितलं होतं. टायवाल्यानंही बघितलं की यांनी बघितलंय. तिघंही पंखाकडं बघत राहिले आणि मग तो म्हणाला, बदला. गाडीत बसल्यावर बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. हसून झाल्यावर तिनं विचारलं होतं की अरे, त्याला वाईट वाटेल म्हणून बदलायला सांगितलंस का? तर खरं म्हणजे तसंच होतं. एवढा ट्रे घेऊन चालत आला होता तो माणूस.

घरात त्याचं नावच पडलं होतं, होयबा. होयबांना विचारा, होयबा कशाला नाही म्हणतील, असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची, आणि तोही हसायचा, कारण हसायला नाही कसं म्हणणार? न्हाव्यानं डोकं चेपू का विचारलं की चेप. दुकानदारानं दोन घ्या म्हटलं की दोन. लहानपणी आईबरोबर बूट घ्यायला गेला होता, तर दुकानातल्या माणसानं शिडीवर चढून खोक्यांवर खोकी काढली, घामाघूम झाला, आणि शेवटचा जोड पायात घालून त्यानं अंगठ्यानं पुढचं टोक दाबून विचारलं, छान बसला ना बाळ? बूट चावत होता. टाचेत कचकन लागत होतं. आईनंही विचारलं, चावत नाही ना रे? जमिनीवर ती सगळी खोकी उघडी पडलेली, त्यांतला पातळ कागद बाहेर आलेला, आणि तो माणूस गुडघ्यावर बसून वर बघत होता. नाही चावत, असं तो म्हणाला. मग वर्षभर तो ते बूट घालून शाळेत गेला. टाचेला पडलेलं घट्ट कातडं अजून आहे. मोजे घालताना बोटाला लागतं. आयुष्यात कशालाच नाही न म्हणता इथवर आलो आणि काही बिघडलं नाही, असं तो कधीकधी स्वतःला सांगायचा. बिघडलं नव्हतं हेही खरंच होतं. चांगली बायको होती, विमा कंपनीत बरी नोकरी होती, गाडी होती, आणि कार्बन-बुरशी-गंज यांतलं काहीही त्या गाडीत औषधालासुद्धा नव्हतं.

शाळेचं बोलावणं आलं त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. बोलत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते. इथल्या शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवताना शब्द दिसावा म्हणून तोंडाची ठळक हालचाल करायची तिला इतकी सवय झाली होती की मनातलंही तिच्या ओठांवर उमटायचं. तिनं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, काय करू? आता खरं तर इथंच म्हणायचं होतं. जाऊ नकोस. दोनच शब्द. ते त्याच्या तोंडात आलेही होते, जिभेला त्यांची चव लागली होती. पण ती इतकी खूश होती. तिच्या मानेवर लाली आली होती, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर कुणीतरी तिला बोलावलं होतं. तो म्हणाला, विचारतेस काय, जा की. आणि मग जरा वेळानं, भाजी चिरता चिरता, वर न बघता म्हणाला, पण गाडीचं बघावं लागेल हं, घाटरस्ता आहे, एवढ्या लांब ही गाडी काढायची म्हणजे नीट तपासून घ्यायला हवी. ती म्हणाली, तपासून घे. तेव्हापासून त्यांच्यामध्ये गाडीचंच बोलणं चाललं होतं. टायर कसे आहेत, स्टेपनीत हवा आहे का, घाटात कुठल्या गिअरवर उतरायचं. एवढ्या दिवसांत ती जाणार याबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत, जे बोलले ते गाडीबद्दल.

तसं त्याला खरंच भीती वाटत होती, नाही असं नाही. ऑफिसात त्याच्या टेबलावर दिवसभर फुटलेल्या गाड्या येत. तो अपघाताचे दावे तपासायचा. चेपलेली बॉनेटं, काचांचा चुरा, सीटवर राहिलेली एक चप्पल, मागच्या काचेत अजून लटकणारं खेळणं. फोटो बघून कुणाची चूक किती ते ठरवायचं, हे त्याचं काम, आणि ते तो थंडपणे करायचा. पण गेल्या काही दिवसांत प्रत्येक फोटोत तो आधी रंग बघायला लागला होता, आपल्या गाडीचा आहे का. तिला चालवायला त्यानंच शिकवलं होतं, मोकळ्या मैदानावर. आणि शिकवताना हात सारखा हँडब्रेकवर. ती म्हणायची, तो हात काढ आधी. तो काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. शेवटी ती ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंकडं गेली आणि चांगली शिकली, त्याच्याहून चांगली. मग भीती कसली? इथं येऊन त्याचं मन अडखळायचं. रस्त्याची भीती असेल तर ती रोज तिच्याबरोबर घराबाहेर पडायला हवी होती. पण ही भीती घरातच बसून होती. तिनं रात्री चष्मा काढून ठेवल्याचा टक् आवाज येणार नाही. बाथरूममधून ती आरशासमोर ओठ मोठे करून शब्द घोकतेय ते ऐकू येणार नाही. कुणी होयबा म्हणणार नाही. तो ऑफिसातून येईल, दिवा लावील, आणि घरात काही कमी-जास्त करायला सांगणारं कुणी नसेल. मग तो कशाला बरं म्हणणार? वेटिंग रूमच्या थंड हवेत त्यानं मान वर केली. समोरच्या भिंतीवर टीव्हीचा आवाज बंद होता आणि त्यातली बाई तोंड हलवत होती. ती काय म्हणतेय ते त्याला वाचता येईना. बायकोला आलं असतं.

तो उठला. पाय आपोआप काउंटरकडे गेले. मुलगी कुणाच्या तरी गाडीचे कागद लावत होती. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला की त्याला ब्रेकचं जरा वाटतंय. काय वाटतंय? आवाज येतो. कधी येतो, सर? उतारावर, सकाळी सकाळी. मी स्वतः चालवून बघितली, सर, उतारावरही नेली, ती म्हणाली, नव्हता आला. अजून निम्म्याहून जास्त पॅड शिल्लक आहेत, मी उगाच कशाला बदलायला सांगू? तो म्हणाला की घाटातून जायचंय. ती म्हणाली, बिनधास्त जा. बिनधास्त! पोरगी काही ऐकायलाच तयार नव्हती. त्याला तिचा एकदम राग आला, आपल्या खऱ्याखुऱ्या भल्यासाठी कुणी हटून बसलं की येतो तसला. त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, तुमच्या जागी आधी ते होते ना, टायवाले, त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. हे आपण बोललो यावर त्याचा विश्वास बसेना. मुलीनं हातातले कागद खाली ठेवले. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच, आणि तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हळूच म्हणाली, "सर, गाडी एकदम ठीक आहे. खरंच."

त्याच वेळी मागच्या केबिनचं दार उघडून टायवाला बाहेर आला. तो आता मॅनेजर झाला होता, टाय तोच. साहेब, किती दिवसांनी, असं म्हणत त्यानं हात पुढं केला, आणि त्या गुबगुबीत कोरड्या हातात हात देताना आपल्याला हायसं वाटतंय हे त्याला जाणवलं. ब्रेकचं आणि उद्या बायको घाटातून जाणार ते कळल्यावर मॅनेजरनं कपाळाला छोटीशी आठी घातली, त्याला ती बरोबर जमायची. घाट म्हणताय, मग ब्रेकच्या डिस्क लेथ मशीनवर घासून घेऊ, पॅड चारी नवे टाकू, ब्रेक ऑइल बदलू. फक्त आज शनिवार, लेथवाला दुपारनंतर बंद, उद्या आपणही बंद, म्हणजे मंगळवार धरा. वहिनी चालवणार ना? मग तर हयगय नको. मुलीकडं वळून तो समजुतीच्या सुरात म्हणाला की बघ, कस्टमर स्वतः सांगतोय, म्हणजे आपलं बघणं कुठंतरी कमी पडलं, असं शिकायचं असतं. मुलगी हो म्हणाली. तिचे कान लाल झाले. तिनं जॉब कार्ड वळवून त्याच्यापुढं सरकवलं, बोट ठेवून सहीची जागा दाखवली, आणि तो सही करत असताना दुसरीकडं बघत राहिली. मी हिचं काय केलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं, एवढंच. सही तर झाली होती.

काचेपलीकडं गाडी लिफ्टवर चढली. नुकतीच धुतलेली, थेंब निथळत होते. गाडी वर वर गेली आणि तिचं पोट दिसायला लागलं. मग यंत्राची घरघर झाली आणि एकेक चाक उतरलं. चाक निघाल्यावर आतली डिस्क उघडी पडली, गुळगुळीत, बघणाऱ्याचं तोंड दिसावं इतकी. मेकॅनिकनं ती बोटानं चाचपली, दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, दुसऱ्यानं खांदे उडवले. एका नळीतून ब्रेक ऑइल डब्यात पडत होतं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं. डिस्क गोणपाटात गुंडाळून एक जण स्कूटरवरून घेऊन गेला. हे सगळं तो उभ्यानं बघत होता आणि त्याच्या छातीतलं ओझं हळूहळू उतरत होतं. मंगळवारपर्यंत काय, पुढचंही बघता येईल. शाळेला कळवता येईल. एकदा सुरुवातीचा दिवस चुकला की माणसाचा उत्साह जरा ओसरतो, मग बसून बोलता येतं, कदाचित तीच म्हणेल की एवढ्या लांब कुठं. इतकं सगळं त्याच्या मनात येऊन गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली, आणि किळस आली तरी ओझं उतरायचं काही थांबलं नाही. त्यानं फोन लावला.

गाडी आज मिळत नाहीये, त्यानं सांगितलं, ब्रेकचं काहीतरी निघालं, घाट आहे ना, ते म्हणाले की धोका नको. बोलता बोलता त्याचा आवाज टायवाल्यासारखा व्हायला लागला होता. मग ती हसली. चिडून नाही, नेहमीसारखीच हसली.

"माहीतच होतं मला. तू गाडी घेऊन जाणार आणि रिकामा परत येणार. मी परवाच बसचं तिकीट काढून ठेवलंय, उद्या सकाळचं."

तो काचेला टेकला. बॅगा जड आहेत, तो म्हणाला. एकच नेते, बाकीच्या मागाहून बघू, ती म्हणाली. रागावलीस का? नाही रे, तुझ्यावर रागावून काय करू, तू काय मुद्दाम केलंस? हे ती खरंच विचारत नव्हती, पण त्याला क्षणभर वाटलं, विचारतेय. फोनमधून कपाट लावल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा होता, वर्गात लहान मुलाच्या जवळ बसून बोलावं तसा.

"फक्त एक सांगते. तिकडं मला गाडीचं काहीच काम नव्हतं. राहायचं आवारातच, बाजार दाराशी. पण तिथून संध्याकाळची बस नाही. गाडी असती तर मधेच एखाद्या दिवशी शाळा सुटली की निघून आले असते. तू एकटा जेवायला बसशील तेवढ्यात. मला सारखं तेच दिसत होतं, म्हणून एवढी गाडी गाडी करत होते."

ती म्हणाली, जाऊ दे, आता सुट्टी लागली की येईन, तेव्हा गाडीचं बघू, तू काही खाल्लंस का सकाळपासून? तो हो म्हणाला. खाल्लं नव्हतं. सोड मग, मला आवरायचंय, असं म्हणून तिनं फोन ठेवला. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. जाऊ नकोस हे दोन शब्द इतके दिवस जपून ठेवले होते आणि आता ते म्हणायलाही जागा राहिली नव्हती, कारण ती जातच नव्हती मुळी, परत यायची तजवीज करून निघाली होती, आणि ती तजवीज काचेपलीकडं हवेत लटकत होती, चार चाकं खाली ओळीनं ठेवून. तो जवळजवळ धावतच काउंटरशी गेला.

"चाकं परत लावा," तो म्हणाला. "मला काही करायचं नाहीये. नाही म्हणजे नाही. माझी गाडी मला आत्ता द्या."

आवाज चढला होता. वेटिंग रूममधल्या लोकांनी माना वळवल्या. इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून असा कधी बाहेर पडला नव्हता. मुलगी उठून उभी राहिली. तिनं काचेतून लिफ्टकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिला बोलायचं जिवावर आलं होतं.

"सर, डिस्क लेथवर गेल्यात. ब्रेकचं ऑइल उपसलंय. मी चाकं लावून देईन हो, पण गाडी थांबणार कशी?"

"सकाळी तुम्हीच म्हणालात ना, ठीक आहे म्हणून?"

"सकाळी ठीक होती," ती म्हणाली. "आता नाहीये."

टोचून बोलली नव्हती ती. जे होतं ते सांगितलं होतं, तिला तेवढंच येत होतं. तिनं त्याच्यापुढं पाण्याची बाटली ठेवली, तिचं झाकणही सैल करून दिलं, आणि मंगळवारी सकाळी लेथवाल्याच्या मागं लागून दुपारपर्यंत गाडी नक्की तयार ठेवते म्हणाली. मग ती थांबली. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून बघत राहिली.

"दुपारी, सर. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला.